नदीपलीकडची सही

हिरमती भांडायला उभी राहिली की सिंगाटोका नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं हातातलं काम थांबवून ऐकत. घरात ती हिंदी बोलायची, बाजारात इंग्रजी, आणि भांडायला पलीकडच्या गावाची फिजियन. शिव्या समोरच्याच्या भाषेत दिल्या तरच लागतात, असं तिचं स्पष्ट मत होतं.

वय एकोणसाठ. अंगाने काटकुळी, पण वांग्याचं भरलेलं पोतं एका झटक्यात ट्रकमध्ये टाकायची. नवरा बिसून जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा रोनिल ऑकलंडला. तो दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी एकच गोष्ट सांगायचा, "आई, आता पुरे झालं. शेत सोड आणि इकडे ये." ती दर रविवारी विचारायची, "तिकडे भेंडी कुठे लावू? तुझ्या गालिच्यात?"

खरं तर शेतातल्या कामाचा तिला कंटाळा नव्हता. कंटाळा होता तो स्वयंपाकाचा. म्हणजे करण्याचा नाही, एकटीने खाण्याचा. बिसून होता तेव्हा येणाराजाणारा प्रत्येक जण जेवूनच जायचा. आता ती दोन पोळ्या करायची आणि त्यातली एक कुत्र्याला घालायची.

म्हणून त्या वर्षी शाळेत शेतपर्यटनाची सभा झाली तेव्हा ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

शेतकी खात्याची लितिया नावाची तरुण अधिकारी आली होती. तिने सांगितलं की सरकारने नवं धोरण आणलंय. समुद्रकाठच्या हॉटेलांत येणारे पाहुणे चार दिवस वाळूत लोळून कंटाळतात. त्यांना आत, खोऱ्यात आणायचं. ज्यांची शेती आहे त्यांनी एखादी खोली नीट करायची, जेवण घालायचं, शेत दाखवायचं. संडास आणि खोली बांधायला सरकार मदत देईल, शिकवायला माणूस पाठवेल. अट एकच. शेती चालू असली पाहिजे. नुसता देखावा चालणार नाही.

सभेत हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने हसला तो हिरमतीचा धाकटा दीर दुखरन. नाव दुखरन, पण उभ्या जन्मात त्याला कुणी दुःखी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, पैसे देऊन आलेल्या माणसाला तुम्ही दाखवणार काय? वांगी?"

"तुला दाखवेन," हिरमती म्हणाली. "काहीही न करता साठ वर्षांचा झालेला माणूस. लांबून लांबून येतील लोक."

त्या दिवशी अर्ज घेऊन गेलेली ती एकटीच होती.

अर्ज नऊ पानांचा होता. हिरमतीने चष्मा लावून एकेक पान भरलं. जमीन किती, पीक कोणतं, पाणी कुठलं, कुत्रा चावतो का. आठव्या पानावर मात्र तिचा हात थांबला. इथली बहुतेक जमीन असते तशी तिचीही जमीन भाडेपट्ट्यावरची होती. जमीन पलीकडच्या वाईसोमो गावातल्या एका घराण्याची. करार शेतीचा. त्यावर पाहुणे ठेवायचे तर त्या घराण्याच्या कर्त्या माणसाची संमती हवी होती, सहीसकट.

कर्ता माणूस म्हणजे आपिसाई. आणि आपिसाईशी हिरमती अकरा वर्षांत एक शब्द बोलली नव्हती.

भांडण झालं होतं डुकरावरून. आपिसाईचं एक कान कापलेलं डुक्कर नदी ओलांडून आलं आणि तोडणीला आलेला मका एका रात्रीत आडवा करून गेलं. हिरमतीने दुसऱ्या दिवशी दबा धरून त्याला पकडलं आणि गोठ्यात बांधून ठेवलं. मग नदीकाठी उभं राहून तिने तोफ डागली. पहिली पंधरा मिनिटं मक्याबद्दल होती, तोवर गाव तिच्या बाजूने होतं. मग ती म्हणाली, "आपिसाई, तुझ्यापेक्षा तुझं डुक्कर बरं! ते निदान जमीन तरी उकरतं!"

पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. आपिसाई दारातून उठून आत गेला.

तीन दिवसांनी डुक्कर गोठ्यातून नाहीसं झालं. दोर तोडून पळालं, असं हिरमतीने सांगितलं. त्याच आठवड्यात आपिसाईने आपल्या परसातून नदी पायी ओलांडायच्या उताराकडे येणारी पायवाट काटेरी तार ओढून बंद केली. उतार ओलांडून त्या वाटेने गेलं की दहा मिनिटांत डांबरी रस्ता आणि बस. ती वाट गेल्यावर हिरमतीच्या नशिबी पुलाचा वळसा आला, नऊ किलोमीटर खडी. अकरा वर्षं तिने तो तुडवला, पण वाट मागायला गेली नाही.

मधल्या काळात एकच गोष्ट घडली. बिसून गेला त्या दिवशी आपिसाई आला होता. लहानपणी तो आणि बिसून याच नदीत कोलंबी धरायचे. तो घरात आला नाही, ओसरीवर दोन नव्या चटया ठेवल्या आणि कुणाशी न बोलता परत गेला. हिरमतीने ते पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

तिने आधी पळवाट शोधून पाहिली. लितिया शेत बघायला आली तेव्हा तिच्यापुढे वाटीभर खीर ठेवत ती म्हणाली, "पोरी, तू सरकारी माणूस. ती सही तेवढी तूच जाऊन घेऊन ये ना."

लितियाने खीर संपवली, वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. "काकी, मी गेले तर ते देतीलही. पण ती सही सरकारला दिलेली होईल, तुम्हाला नाही. उद्या पाहुणे आल्यावर ते नदीपलीकडे तोंड फिरवून बसले तर मी काय करू?"

"अकरा वर्षं तोंड फिरवूनच बसलाय."

"आणि तुम्ही?"

हिरमतीने वाटी उचलली आणि विसळायला घेतली. नको तेवढा वेळ ती वाटी विसळत राहिली.

पुढच्या शनिवारी तिने बाजारातून यंगोनाच्या, म्हणजे कुटून पाण्यात कालवून पितात त्या झाडाच्या, मुळ्यांची चांगली जाड जुडी आणली. पलीकडे कुणाच्या दारी काही मागायला जायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि मागणाऱ्याने स्वतः बोलायचंही नसतं. सोबतच्याने बोलायचं असतं. सोबत दुखरनशिवाय कोण होतं? वाटभर, म्हणजे नऊ किलोमीटर, ती त्याला पढवत होती.

"नम्रपणे बोलायचं. त्यांच्या घराण्याचं नाव घ्यायचं. आपण छोटी माणसं, छोटी विनंती घेऊन आलोय म्हणायचं. आणि दुखरन, काय वाटेल ते झालं तरी डुकराचं नाव काढायचं नाही."

"मी कशाला काढीन?"

"तू काढशील. म्हणून सांगते."

आपिसाईचं घर आतून होतं तसंच होतं. चटया, भिंतीवर येशूचं चित्र, कोपऱ्यात सेरेइमाची, म्हणजे आपिसाईच्या बायकोची, भाजायला ठेवलेली मातीची मडकी. आपिसाई मात्र म्हातारा झाला होता. केस पांढरे, गुडघ्यावर पट्टी. दोन पुतणे बाजूला बसले होते. सेरेइमा दारातच थबकली, हिरमतीकडे बघितलं आणि एक उशी आणून तिच्याजवळ ठेवली.

दुखरनने मुळ्यांची जुडी पुढे ठेवली, दोन्ही हात जोडून खाली बघितलं आणि सुरुवात केली. सुरुवात खरंच चांगली झाली. घराण्याचं नाव बरोबर घेतलं. नदीचं नाव घेतलं. मग त्याने मान वर केली, आपिसाईची नजर त्याच्या नजरेला भिडली, आणि पाठ केलेलं सगळं वाहून गेलं.

"आम्ही," दुखरन म्हणाला, "आम्ही डुकराबद्दल आलेलो नाही."

बाहेर कोंबडी खुडखुडली. हिरमतीने डोळे मिटले. मग एका पुतण्याच्या नाकातून आवाज निघाला, दुसऱ्याने तोंडावर हात दाबला, आणि सेरेइमा पदर नसलेली बाई, तिने उशीच तोंडात कोंबली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. हिरमती स्वतःच बोलली. रीत मोडूनच बोलली.

"आपिसाई, ते डुक्कर दोर तोडून पळालं नव्हतं. मीच सोडलं. नदीला पूर होता, मला दिसत होता. तरी सोडलं, आणि काठी मारून नदीकडे हाकललं. बुडालं असेल. मी खोटं बोलले. अकरा वर्षं खोटं बोलले."

हे शब्द तिने कधी स्वतःशीही उच्चारले नव्हते. बोलून झाल्यावर तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

आपिसाई कान खाजवत म्हणाला, "बुडालं नाही."

"काय?"

"दोन गावं खाली काठाला लागलं. माझ्या चुलतभावाने कापलेला कान ओळखला. आणून दिलं चौथ्या दिवशी."

"मग? कुठे गेलं?"

"पुतणीच्या लग्नात खाल्लं," आपिसाई म्हणाला. "चांगलं लागलं. तुझा मका खाल्लेलं होतं."

हिरमतीच्या आवाजाने छप्पर हललं. "अरे माणसा! डुक्कर मिळालं होतं तर वाट कशाला बंद ठेवलीस? अकरा वर्षं खडी तुडवतेय मी!"

"वाट डुकरासाठी बंद केलीच नव्हती." आपिसाईचा आवाजही आता चढला. "तू मला आळशी म्हणालीस. अख्ख्या गावासमोर. तेही रविवारी, लोक चर्चमधून येत असताना!"

"शनिवार होता तो."

"रविवार. माझ्या अंगात पांढरा शर्ट होता."

हिरमतीला तो पांढरा शर्ट आठवला. दारातून उठून आत जाणारा. तिने मान खाली घातली आणि पलीकडच्या रीतीप्रमाणे हळूच टाळी वाजवली, क्षमा मागताना वाजवतात तशी. "ते मी बोलायला नको होतं. तू आळशी नव्हतास. माझा मका गेला होता म्हणून बोलले. आणि बिसूनच्या वेळी तू चटया ठेवून गेलास, तेव्हा मी उठून यायला हवं होतं."

आपिसाईने मुळ्यांची जुडी हातात घेतली. जुडी घेतली म्हणजे बोलणं संपलं आणि विनंती पोचली. सेरेइमाने डोळे पुसले, ते हसून की कशाने, ते तिचं तिला ठाऊक.

यंगोना कुटून, पाण्यात कालवून करवंटी दोनदा सगळ्यांत फिरली, आणि मग आपिसाईने अर्ज वाचायला घेतला. पहिल्या पानापासून, बोट फिरवत. त्याच्याही अटी निघाल्या. रविवारी पाहुणे नकोत. नदीकाठी मोठ्याने गाणी नकोत. आणि शेवटी, जरा इकडेतिकडे बघत, "हे पाहुणे फक्त वांगीच बघणार का? सेरेइमाची मडकी आहेत. मला बांबूचा तराफा बांधता येतो. आता कुणी बांधत नाही. पोरांना आवड नाही."

"गोऱ्यांना असते," दुखरन म्हणाला. त्या दिवशी त्याने बोललेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य. आपिसाईने आठव्या पानावर सही केली.

परत जाताना आपिसाईचे पुतणे पुढे गेले आणि तार कापली. पायवाट गवताने भरली होती. हिरमतीच्या पायांना मात्र ती पाठ होती. कुठे दगड, कुठे ओल, सगळं. वाटेतलं आंब्याचं झाड तिने शेवटचं पाहिलं होतं तेव्हा तिच्या खांद्याएवढं होतं. आता त्याखाली दहा माणसं बसली असती. दहा मिनिटांत ती घरी पोचली आणि ओसरीवर उगीचच एकटीने हसत बसली.

त्यानंतरचे चार महिने धामधुमीचे गेले. संडास बांधला गेला, दोनदा. पहिल्यांदा गवंड्याने दार आतल्या बाजूला उघडणारं बसवलं आणि आत गेलेल्या माणसाला बसायला जागाच उरेना. बिसूनचं अवजारांचं कोठार झाडून त्याची खोली झाली. लितिया छत्तीस कलमांची यादी घेऊन यायची आणि खुणा करायची. औषधाची पेटी आहे. फवारणीची औषधं कुलपात आहेत. तराफ्यासाठी जीवरक्षक जाकिटं आहेत. दुखरनने फाटकावर प्लास्टिकची फुलं आणि एक कर्णा लावला होता. ते तिने काढायला लावलं.

"का? छान दिसतंय," दुखरन हिरमुसला.

"काका, नियमात लिहिलंय. शेत शेतासारखं दिसलं पाहिजे."

"मग मी कसा दिसू?"

"तुम्ही आहात तसेच पुरेसे आहात."

जुलैत पहिले पाहुणे आले. न्यूझीलंडचं निवृत्त जोडपं, डग्लस आणि मॅरियन. आदल्या दिवशी हिरमतीला झोप लागली नाही. सकाळी तिने लग्नातली हिरवी साडी नेसली, अकरा पदार्थ रांधले, फाटकाशी झेंडूच्या माळा घेऊन उभी राहिली. इंग्रजीतलं स्वागताचं भाषण लितियाने लिहून दिलं होतं.

पाहुणे यायचे होते डांबरी रस्त्याकडून, म्हणजे आपिसाईच्या तराफ्यावरून. तराफा सुंदर झाला होता. पिवळे बांबू, मध्ये बसायला बाक, मागे लांब वासा घेऊन आपिसाई, पांढऱ्या शर्टात. पाहुण्यांनी निमूटपणे जाकिटं घातली. दुखरनने घातलं नाही, कारण त्याने नवा शर्ट झाकला गेला असता. नदीच्या मध्यावर त्याला वाटलं की आता आपण काहीतरी बोलावं. तो उभा राहिला, हात पसरून "बुला, वेलकम" म्हणाला, आणि बोलता बोलताच मागच्या मागे पाण्यात गेला.

पाणी कमरेएवढंच होतं, पण आरडाओरडा समुद्राचा होता. आपिसाईने वासा पुढे केला. दुखरनने तो धरला, घसरला, पुन्हा धरला. काठावरून हिरमती ओरडली, कुठलं इंग्रजी आणि कुठलं भाषण, "आपिसाई, राहू दे त्याला तिथेच! मासे तरी शहाणे होतील!"

आपिसाई वासा सोडून हसायला लागला. मॅरियनला एक अक्षर कळलं नव्हतं, पण ती इतकी हसली की डग्लसला तिचा चष्मा धरावा लागला. काठाला उतरली तेव्हा सगळ्यांचीच ओळख झालेली होती. माळा घालायची आठवण कुणालाच राहिली नाही.

डग्लसने जन्मभर गाई पाळल्या होत्या. अकरा पदार्थांच्या ताटाकडे जाण्याआधी तो थेट शेणखताच्या ढिगाकडे गेला, मूठभर उचललं, चोळलं, वास घेतला. हिरमती साडी सावरत मागोमाग गेली.

"हे किती दिवसांचं?" त्याने विचारलं.

"तीन महिने."

"आम्ही सहा ठेवतो."

"सहा?" हिरमतीने कमरेवर हात ठेवले. "तुमच्याकडे थंडी. इथे सहा ठेवलं तर मातीच होते. इकडे या, दाखवते."

तिने त्याला वांग्याच्या वाफ्यात नेलं, खताचे आणि बिनखताचे दोन्ही वाफे दाखवले, पान उलटं करून कीड दाखवली, तिच्यावर काय मारते ते सांगितलं. तो ऐकत होता, मध्येच अडवत होता, आपलं सांगत होता. अर्धा तास असा गेला. कामाबद्दल तिच्याशी इतकं नेटाने कुणी बोललं, त्याला सहा वर्षं झाली होती. जेवण निवलं. पण त्या दिवशी चार माणसांची पंगत तिच्या ओसरीवर बसली, आणि चुलीपुढे उभं राहून ती गरम पोळ्या वाढत होती, नको नको म्हणणाऱ्याच्या ताटातही.

दुपारी पाहुणे सेरेइमाकडे मडकी करायला गेले. मॅरियनचं मडकं एका बाजूला कललं. सेरेइमाने ते सरळ केलं नाही. म्हणाली, असू दे, हे तिचं आहे.

दोन दिवसांची खोली जोडप्याने चार दिवस घेतली. जाताना डग्लसने खताबद्दलचा वाद पत्राने पुढे चालू ठेवायचं कबूल केलं आणि तसा तो चालूही ठेवला.

पुढच्या हंगामापर्यंत खोऱ्यातून आणखी सात अर्ज गेले. त्यातल्या दोघांना आठव्या पानापाशी अडचण आली, तेव्हा लितियाने त्यांना हिरमतीकडे पाठवलं. तिने दोघांनाही चहा पाजला आणि विचारलं, "तू काय बोलला होतास ते आधी मला सांग. खरं सांग." दुखरन आता तराफ्यावर जाकीट घालून बसतो, बसूनच बोलतो, आणि पाण्यात पडल्याची गोष्ट दर वेळी थोडी वाढवून सांगतो. परवा ऐकली तेव्हा त्यात मगर आली होती. आपल्या नदीत मगर नाही, हे पाहुण्यांना कुणी सांगत नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी रोनिलचा फोन आला. या वेळी त्याने शेत सोडायचं नाव काढलं नाही. "आई, नाताळात आम्ही सगळे येतोय. आठवडाभर. ती नवी खोली आम्हाला ठेव."

हिरमतीने फोन खांद्याने धरला आणि वही उघडून बोट फिरवलं. "अठ्ठावीसपर्यंत भरलीय रे. जर्मनीची माणसं आहेत."

"आई! आम्ही घरचे आहोत!"

"म्हणून तर सांगते. दुखरनकाकाच्या ओसरीवर झोपा. आणि जाकिटाचं माप सांग सगळ्यांचं, आपिसाई विचारत होता."